थोरल्या जाऊबाईंचं पिंप

माचामे, वरची आळी
ता. १२ ऑगस्ट

मंकाजाऊबाई,

धाकटीचा नमस्कार. तुम्ही घ्या अगर घेऊ नका, इथून तो निघाला आहे.

फोन करून पाहिला. एलिबारिकी उचलतो आणि म्हणतो, "काकू, आई आंघोळीला गेलीय." नाताळपासून ऑगस्टपर्यंत तुम्ही आंघोळच करताय. दार-एस-सलामला उकाडा फार, हे मला मान्य आहे. पण तुमच्या लेकाच्या नळाला इतकं पाणी असेल असं वाटलं नव्हतं. म्हणून पत्र. पत्राला कोणी आंघोळीचं कारण सांगू शकत नाही. बसच्या कंडक्टरकडे देते आहे, सोबत केळ्यांचा लहान घड आहे. पत्र वाचायचं नसेल तर निदान घड उतरवून घ्या. केळ्यांनी तुमचं काही केलेलं नाही.

इकडे सगळं ठीक. तुमचं घर तुम्ही ठेवून गेलात तसंच आहे. भाऊजींच्या थडग्याभोवतीचं गवत मी काढते, कारण माझ्या अंगणातून ते दिसतं. दिसतं म्हणून काढते, दुसरं काही नाही. तुमचे दीर बरे आहेत. बोकडाचं नाव निघालं की मात्र छपराकडे बघतात.

आता नाताळचा विषय निघालाच आहे (मी काढला नाही, तो आपोआप निघाला), तर एकदाच लिहून टाकते. बोकडाच्या छातीचा वाटा घरातल्या थोरल्या सुनेचा, हे सासूबाई होत्या तेव्हापासून साऱ्या आळीला ठाऊक आहे. तो वाटा कॉफी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या ताटात गेला, तो तुमच्या दिरांच्या हातून. सुरी त्यांची, पाहुणा त्यांचा, तेव्हा चूकही त्यांचीच. मी चुलीपाशी होते. त्यानंतर मी काहीतरी बोलले म्हणतात. काय बोलले ते तुम्हाला पाठ असेल. मला आठवत नाही.

आणि हो, एक किरकोळ बातमी. सोसायटीत जपानहून एक बाई आल्या होत्या, कॉफी विकत घेणाऱ्या. किनुको नाव. बुटक्या, नीटनेटक्या, बोलणं अगदी हळू, आणि कॉफी अशी पितात की पुरलेला माणूस उठून बसावा. चमचाभर घ्यायची, सुर्रकन ओढायची, तोंडात फिरवायची आणि डब्यात थुंकायची. ज्यांच्या ज्यांच्या मालाचे नमुने होते ते सगळे भिंतीला टेकून बघत होते. मी सेक्रेटरी मुनिसींना हळूच विचारलं, "थुंकतात कशाला? वाईट लागली का?"

"गप्प बसा, फ्रीडाच्या आई. आवडली तरी थुंकतात."

"मग नाही आवडली तर काय करतात?"

"तरी थुंकतात."

"मग कळायचं कसं?"

"कागदावर लिहितात."

असं ते शास्त्र आहे. आपल्याकडे पाहुण्यानं असं केलं असतं तर पुन्हा उंबऱ्यावर उभा केला नसता.

माझ्या वाटीपाशी आल्या. ओढली. थांबल्या. आणि जाऊबाई, थुंकायचं विसरल्या. गिळली. मुनिसींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बाईंना विष घातलंय. बाई इंग्रजीत बोलल्या, मुनिसींनी सांगितलं: पिकलेलं केळं, मध, आणि मागून काहीतरी जुनं, ज्याला नाव देता येत नाही. शंभरात अठ्ठ्याऐंशी. आमच्या फ्रीडाला शाळेत एवढे कधी मिळाले नाहीत.

आता त्यांना नोव्हेंबरच्या तोडणीचा माल असाच हवाय. सगळा, वेगळ्या पोत्यात, पोत्यावर माझं नाव. त्या पोत्याच्या भरवशावर तुमच्या दिरांनी छपराच्या नव्या पत्र्यांचं मापही घेतलंय. बाई तेव्हा स्वतः येणार आहेत, आम्ही कसं करतो ते बघायला. मी म्हटलं, या की. बघण्यासारखं काही नाही. फळं तोडायची, यंत्रातून फिरवून गर काढायचा, ओल्या बिया आंबवायच्या, धुवायच्या, टेबलावर पसरून वाळवायच्या. सगळी आळी हेच करते. माझा हात चांगला, एवढंच. बिया आंबवल्या कशात, हा काही महत्त्वाचा मुद्दा नाही.

तुमची धाकटी जाऊ,
ऐकारूवा


माचामे
ता. ९ सप्टेंबर

जाऊबाई,

एलिबारिकीचा निरोप आला. जसाच्या तसा: "आई विचारते, पिंप कुठे आहे." इतक्या महिन्यांनी तुमच्याकडून काही आलं, आणि तेही पिंपाची चौकशी करणारं. तरी बरं वाटलं.

पिंप जागेवर आहे. जागा थोडी बदलली आहे.

कुलूप शाबूत आहे. तुम्ही केळ्यांची दारू, म्बेगे, करता त्या खोलीचं कुलूप मी तोडलं असं कोणी कळवलं असेल तर त्याला घेऊन या, मी कुलूप दाखवते. मागच्या भिंतीची एक फळी वाळवीनं सैल झाली होती, ती हात लावताच निघाली. दोन्ही हात लावावे लागले, शिवाय कुदळ. पण निघाली. पाठोपाठ शेजारच्या तीनही, नाहीतर पिंप बाहेर कसं येणार.

झालं असं, की जुलैत गर काढून ओल्या बिया तयार केल्या आणि माझी प्लास्टिकची टाकी तळाला चिरली. तुमचे दीर तिच्यात बसले होते. का बसले होते ते विचारू नका. मी विचारलं, तर म्हणाले, "मजबूत आहे का बघत होतो." आता ओल्या बिया काही बाजारातून नवी टाकी येईपर्यंत दम धरत नाहीत. आणि कुंपणापलीकडे सासूबाईंचं लाकडी पिंप रिकामं पडलेलं. एका खोडातून कोरलेलं, एवढं मोठं की दोन पोरं लपली तर दिसू नयेत. त्यात आजवर म्बेगेशिवाय काही पडलेलं नाही. शिजवलेली केळी, नाचणीचं आंबवण, त्या झाडाची कडू साल, सगळं पिऊन पिऊन लाकूड काळं झालेलं. नुसतं नाक आत घातलं तरी घरात पाहुणे आल्यासारखं वाटतं. तर त्यात बिया टाकल्या. दोन रात्री. बस.

म्हणजे त्या बाईंना जे जुनं लागलं, ज्याला नाव देता आलं नाही, त्याची नावं मला ठाऊक आहेत. एक तुमचं आणि एक सासूबाईंचं. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं तर माझा हात चांगला.

आता वाईट बातमी. खाली बसून वाचा, आणि एलिबारिकीला जवळ बसवा.

बाई पुन्हा येणार म्हणून तुमच्या दिरांनी पिंप धुतलं. साबणाच्या पुडीनं. कढत पाण्यानं. विटेच्या तुकड्यानं आतून घासून. मग उन्हात उलटं घातलं आणि मला हाक मारून दाखवलं, "बघ, नवं दिसतंय." जाऊबाई, खरंच नवं दिसतंय. आतून पांढरं पडलंय. वास येतो लिंबाचा, कारण पुडीवर लिंबाचं चित्र होतं. मी त्यांना काही बोलले नाही. बोलायला लागले असते तर मधे थांबता आलं नसतं.

सप्टेंबरच्या थोड्या फळांवर करून पाहिलं. वाळवून, भाजून, उकळून सेक्रेटरी मुनिसींना दिली. त्यांनी हल्ली किनुकोबाईंसारखं सुर्रकन ओढायला सुरुवात केलीय. निम्मी सदऱ्यावर जाते. बराच वेळ तोंडात फिरवली.

"कशी आहे?"

"कॉफीसारखी लागते," म्हणाले.

मुद्द्याचं विचारते. तुमच्या म्बेगेचं प्रमाण लिहून पाठवाल का? केळी किती पिकू द्यायची, साल किती घालायची, नाचणी कधी. एकदा म्बेगे पोटात गेली की पिंपाला आपण कोण ते आठवेल. तुम्ही स्वतः येण्याची काही गरज नाही.

ऐकारूवा


माचामे
ता. २० ऑक्टोबर

जाऊबाई,

प्रमाण आलं नाही. मी तशीच केली.

केळी शिजवली, गार केली, झाकून ठेवली. तुम्ही मधूनमधून झाकण उचलून बघायचात हे मी कुंपणावरून पाहिलेलं आहे, म्हणून मीही झाकण उचलून बघत होते. बघून पुढे काय करायचं असतं ते माहीत नव्हतं. नुसतंच बघितलं. मग नाचणी घातली, साल उकळून घातली, आणि चाखायला किलेओआजोबांना बोलावलं, कारण त्यांनी आजवर कोणाच्याही म्बेगेला नाही म्हटलेलं नाही.

भोपळ्याची वाटी काठोकाठ भरून दिली. एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"आजोबा, कशी झालीय?"

"सूनबाई, मी फार दिवस काढले. मोठा दुष्काळ पाहिला."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. दुष्काळ आठवला."

तुमचे दीर मधे पडले. "आजोबा, पहिल्यांदाच केलीय तिनं. दुसरा घोट घ्या, मग बरी लागेल."

"अनाएली, दुसरा तू घे. तिच्याशी लग्न तू केलंयस."

त्यांनी घेतला. उठून केळीत गेले, बराच वेळ तिकडे तोंड करून उभे होते. परत येऊन म्हणाले, "चांगली आहे. जरा धारदार आहे." तुमच्या दिरांना कोणाला नाही म्हणता येत नाही. ताटासमोर बसलेल्या सेक्रेटरीलाही आलं नाही, आणि म्हणून मी आज ही पत्रं लिहीत बसलेय.

उरलेली म्बेगे गाईच्या गव्हाणीत ओतली. गाईनं हुंगली आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी तिची माफी मागितली. या वर्षात मी मागितलेली ती पहिली.

पिंपात ती ओतली नाही, काळजी करू नका. पिंपानं एका वर्षात किती सोसायचं.

आळीची हालहवाल अशी. लेमाबाईंच्या नातवाचा बाप्तिस्मा झाला. म्बेगे करणारं कोणी नाही, म्हणून शहरातून बाटल्या आणल्या. माणसं आपापली बाटली धरून आपापल्या खुर्चीवर बसली. वाटी एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा तिच्याबरोबर गोष्टही जाते. इथे काही जाईना. दिवेलागणीच्या आत सगळे घरी. कोणी गायलं नाही, कोणाचं कोणाशी वाजलं नाही, कोणाला घरी पोचवावं लागलं नाही. पाद्रीबाबा म्हणाले, किती शांततेत पार पडलं. लेमाबाई आत जाऊन रडल्या.

"मंका असती तर," असं तीन-चार जणींनी माझ्याकडे बघून म्हटलं. माझ्याकडे बघायचं कारण नव्हतं.

किनुकोबाईंचं कळलं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला येताहेत. तुम्ही आलात तर तुमची खोली झाडून ठेवीन. आला नाहीत तरी झाडीनच. धूळ मला आवडत नाही.

ऐकारूवा

ता. क. पाकिटात गाठ मारलेलं इसालेचं पान निघेल. आपल्या दोघींमधल्या कुंपणाचं आहे. ते मी घातलेलं नाही. कुंपणापाशी बसून पाकीट चिकटवत होते, वारं होतं, पडलं असेल. वाऱ्यानं गाठ कशी मारली ते मला विचारू नका. गाठीचं पान आलं की समोरच्याला माफ करावंच लागतं, नाही म्हणायची सोय नाही, असं आपले जुने लोक सांगतात. पण ते कोणी पाठवलं असेल तर. हे पडलेलं आहे.


माचामे
ता. ११ नोव्हेंबर

जाऊबाई,

तुमचा प्रश्न मिळाला. एलिबारिकी फोनवर वाचून दाखवत होता आणि मागून तुमचा आवाज आला, "नीट वाच, गाळू नकोस." म्हणजे आंघोळ संपली तर.

"पान मिळालं. पिंपासाठी आहे की माझ्यासाठी?"

उत्तर लिहायला बसले. आधी लिहिलं, "तुमच्यासाठी." वाचून पाहिलं, खोटं वाटलं, फाडलं. मग लिहिलं, "पिंपासाठी." तेही खोटं वाटलं. तेही फाडलं. तुमचे दीर म्हणाले, "कोरा कागदच पाठव, वहिनी समजतील." हा तिसरा कागद, तो फाडणार नाही.

पान तोडलं तेव्हा डोक्यात पिंप होतं. गाठ मारली तेव्हा तुम्ही होतात. मधे काही फार वेळ गेला नाही. पण ते पान चिवट असतं, गाठ मारायला खाली बसावं लागतं, आणि बसलं की समोर तुमचं दार दिसतं. बंद.

मला इथे भांडायला कोणी नाही. तुमच्या दिरांशी भांडता येत नाही, ते पहिल्याच वाक्याला "बरोबर आहे तुझं" म्हणतात. लेमाबाईंना काही बोलायला जावं तर त्या रडतात. फ्रीडा फोनमधून डोकं काढत नाही. एक शब्द टाकावा आणि चार परत यावेत, असं फक्त तुमच्याकडे व्हायचं. तुम्ही एकदा माझ्या केळ्यांच्या मटोरीला "यानं भिंत चांगली सारवली जाईल" म्हणाला होतात. मी आठवडाभर उत्तर शोधत होते, आणि तो आठवडा काय मजेत गेला. आता मटोरी केली की सगळे गप्प बसून खातात. बरी झाली की वाईट, तेच कळत नाही.

तुमचा प्रश्न आला त्याच दिवशी सेक्रेटरी मुनिसी आले होते. त्यांनी तोड काढली होती. म्हणाले, "खालच्या गावातून विकतची म्बेगे आणू, पिंपात भरून ठेवू. बाई यायच्या आत थोडाफार वास धरेल. पंचाऐंशीच्या पुढे नक्की."

तोड वाईट नव्हती. होय म्हणायला तोंड उघडलंही होतं. मग तुमचा प्रश्न आठवला, आणि तोंड बंद केलं. असं माझ्या बाबतीत क्वचित होतं, म्हणून मुनिसी घाबरले. "बरं वाटत नाही का?" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पिंप तुमच्या खोलीत नेऊन ठेवलं. फळ्या ठोकून बसवल्या. नोव्हेंबरचा माल नव्या प्लास्टिकच्या बादलीत आंबवला, चारचौघांसारखा.

आणि किनुकोबाई आल्या. अंगणात उभ्या राहिल्या, बादलीत वाकून पाहिलं, मग माझ्याकडे. मुनिसी मधे उभे राहून इकडचं तिकडे करत होते.

"मागच्या वेळी यातच केली होती का?"

"नाही. पिंपात."

"ते कुठे आहे?"

"जिचं आहे तिच्या घरात."

"ती कुठे आहे?"

"दार-एस-सलामला. रागावून गेलीय."

मुनिसी हे काही सांगेनात. मला म्हणाले, "फ्रीडाच्या आई, एवढं उघडं करायची गरज नाही. मी सांगतो, पिंप दुरुस्तीला गेलंय."

"तुम्ही जे मी बोलले तेच सांगा. तुम्ही तर काही बोलूच नका, वाटा तुम्ही खाल्लाय."

"कसला वाटा?"

"छातीचा. नाताळचा."

जाऊबाई, त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. त्याचे आजी-आजोबा या डोंगरावरचे, पण हा शिकायला लहानपणीच शहरात गेला, तिथे मांस कागदात बांधून मिळतं. "मला वाटलं मऊ तुकडा म्हणून आग्रह केला," म्हणाला. "मी तर दुसऱ्यांदाही मागितला होता." चेहरा इतका पडला की मला हसू आलं आणि त्याला वाटलं मी रडतेय, म्हणून त्यानं स्वतःचा रुमाल दिला. त्यावर सगळी कॉफी होती.

इकडे किनुकोबाई तिष्ठत उभ्या. मग मुनिसींनी त्यांना सगळं सांगितलं: बोकड, वाटा, तुम्ही, तुमची बस. फार वेळ सांगत होते; हातवारे करून बोकडाचे भागही दाखवले, स्वतःच्याच अंगावर. बाई मान हलवत ऐकत होत्या. शेवटी काहीतरी बोलल्या. मुनिसी म्हणाले, "त्यांच्या घरीही थोरल्या जाऊबाई बोलत नाहीत. माशाच्या डोक्यावरून झालं होतं." हे मुनिसींनी पदरचं घातलं असेल. पण मला पटलं.

मग बादलीतल्या मालापैकी वाळलेल्या मूठभर बिया भाजून केलेली कॉफी चाखली. छान थुंकल्या. एकदाही विसरल्या नाहीत. चांगली आहे म्हणाल्या, सोसायटीच्या मालात जाईल. म्हणजे वेगळं पोतं गेलं, पोत्यावरचं नाव गेलं, छपराचे नवे पत्रे गेले. तुमचे दीर म्हणाले, "जुने पत्रे काही गळत नाहीत." गळतात. पण खाली ठेवायला बादली आता रिकामीच आहे.

तर आता मला पिंपाचं काही काम उरलेलं नाही. पान मात्र मी परत मागत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच्याहून नीट मला लिहिता येत नाही.

ऐकारूवा


इथूनच
ता. १५ डिसेंबर

जाऊबाई,

हे पत्र बसनं येणार नाही. तुमचे दीर कुंपणावरून देतील.

नाताळची गर्दी व्हायच्या आत काल दार-एस-सलामची बस आली, छपरावर गाद्या आणि पंखे लादून. तुम्ही उतरलात हे मला लेमाबाईंनी सांगितलं, मग किलेओआजोबांनी, मग पुन्हा लेमाबाईंनी. एलिबारिकी आणि सूनबाई नंतर येताहेत, हेही कळलं. तुम्ही माझ्या अंगणातून गेलात, गाईला थोपटलंत, तुमच्या दिरांना "वाळलास" म्हणालात, आणि मला काही बोलला नाहीत. मीही बोलले नाही. पण मी दारात उभी होते, हातात काही काम नसताना उभी होते, एवढं नमूद करते.

मला कळतं. पानानं माफी मिळते. बोलणं त्यात धरलेलं नाही.

मग तुम्ही पिंप बाहेर ओढलंत, आत डोकं घातलंत आणि जो शब्द उच्चारलात, तो पिंपातून घुमून चर्चपर्यंत गेला असेल. तो साबणाला उद्देशून होता असं मी तुमच्या दिरांना समजावलं. त्यांना तो स्वतःला उद्देशून वाटला, आणि ते गवत कापायला निघून गेले आहेत. म्हणजे आता हे पत्र कुंपणावरून द्यायचं कोणी, हाही प्रश्नच आहे.

किलेओआजोबा सकाळपासून तुमच्याच दारात बसून होते. घरी जाताना माझ्याकडे थांबून सगळं सांगून गेले. त्यांनी तुम्हाला विचारलं म्हणे, "मंका, धुतलेल्या पिंपात चव यायची कशी?"

"पहिली म्बेगे पिंप पितं. दुसरी म्बेगे माणसं पितात."

"आणि तिसरी?"

"तिसरीनंतर बघू त्या बाईच्या कॉफीचं. पुढच्या जुलैत."

"कुठल्या बाईच्या?"

यावर तुम्ही माझ्या घराकडे बघितलंत की जपानकडे, ते आजोबांना नक्की सांगता आलं नाही. त्यांची नजर अधू झालीय. मी त्यांना दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "सूनबाई, तू स्वतः का जात नाहीस? मला गुडघे आहेत."

केळी शिजताहेत. वास इथवर येतोय. मी तीच केळी घेतली होती, तीच चूल, तसंच पातेलं, आणि माझ्याकडे असा वास एकदाही आला नव्हता. मी ओट्यावर बसून लिहितेय. हे पत्र तुम्हाला दिलं तर तुम्ही वाचाल, आणि मग कदाचित उत्तर एलिबारिकीकडून येईल, आणि तो तर अजून दार-एस-सलामलाच आहे. मग मला

तुम्ही कुंपणापाशी येऊन उभ्या आहात. हातात लांब पळी आहे. मी मान वर केलेली नाही.

"ऐकारूवा."

मी लिहितेय.

"ऐकारूवा, काय मालकीहक्काचा कागद करतेयस का? इकडे केळी तळाला लागायला आली. एकटीला ढवळत नाही आता. हात मोकळे असतील तर ये, नसतील तर मोकळे करून ये."

जाऊबाई, हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, नंतर तुम्ही नाही म्हणाल म्हणून. आधी तुम्ही बोललात.

मी म्हटलं, "तळाला लागताहेत म्हणजे जाळ मोठा ठेवलाय कोणीतरी."

"जाळ बरोबर आहे. तुझ्या ढिगातून आणलेली लाकडं ओली आहेत."

"ओल्या लाकडाचा जाळ मोठा होत नाही."

"बघ, पुन्हा सुरू झाली. इथे येऊन बोल. कुंपणावरून बोलायला मी काय पाहुणी आहे?"

येते. एक उत्तर सुचलंय, ते गार व्हायच्या आत तिकडे पोचलं पाहिजे.